त्या बाईचं गाणं

तार तुटली ती सरळ गालावर आली.

मिस्त्रीने गाल चोळला, बोटाला लागलेलं रक्त बघितलं, ते पँटला पुसलं आणि गिटारीला एक ठेवणीतली शिवी हासडली. सगळ्यात बारीक तार. दर वेळी तीच. बाकीच्या पाच बापड्या गुमान बसायच्या आणि ही कारटी जरा पिळली की तटकन जायची. ज्याने उभा जन्म तांब्याच्या तारा ओढण्यात घातला, केसासारखी तार चिमटीतून सोडताना ज्याच्या हातून ती कधी तुटली नाही, त्याच्या हातात पोलादाची तार तुटावी? हा काय न्याय झाला?

दुपारची सुट्टी होती. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. बाकावर जळक्या मोटारी पोट उघडून पडल्या होत्या, कोपऱ्यात वार्निशचा डबा, त्याचा वास नाकात बसलेला. आणि फळीवरच्या टेपात ती बाई गातच होती. तिला कुणाच्या गालाचं काय?

"बंद करा तिला," शटराखालून वाकून आत येत बायको म्हणाली. ती कोपऱ्यावरच्या बेकरीत गल्ल्यावर बसायची. "गल्ली विचारते मला, मिस्त्रीने दुकानात मांजर पाळलंय का? आणि पाळलंय तर उपाशी का ठेवलंय?"

"गल्लीला म्हणावं कान धुऊन ये."

"धुतलेले आहेत म्हणूनच तर ऐकू जातं." तिने डबा बाकावर आदळला. गालावरच्या रक्ताकडे तिने एकदा बघितलं. "पोरीला बोलवायचं असेल तर तोंडाने बोलवा. ते लाकूड काय कुरवाळत बसलाय?"

मिस्त्रीने टेप बंद केला आणि डबा उघडला. उत्तर द्यायचं नसलं की तो जेवायचा.

आता मिस्त्री म्हणजे कोण, हे सांगायला हवं. हा मोटारी भरणारा माणूस. पाण्याच्या पंपाची, गिरणीची, पंख्याची मोटार जळाली की तिच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि तेवढ्याच मापाची नवी तार, फेऱ्यावर फेरे देत, पुन्हा पोटात बसवायची. याला मोटार भरणं म्हणतात. या धंद्यात देव एकच, तो म्हणजे फेरा. तार किती जाड आणि तिचे फेरे किती, यावर मोटारीची चाल. फेरे जास्त झाले की मोटार म्हशीसारखी चालते, कमी झाले की वासरासारखी उधळते. मिस्त्रीच्या हातची मोटार कधी उधळली नाही, अशी त्याची कीर्ती होती. आणि कीर्ती ऐकायला तो स्वतः सगळ्यात पुढे असायचा.

फळीवरचा टेपही त्याच कीर्तीतला. मुलगी एवढीशी होती तेव्हाची गोष्ट. एका गिऱ्हाइकाने जळका टेप टाकून दिला, आत एक कॅसेट तशीच अडकलेली. टेपची मोटार केवढी? अंगठ्याएवढी. ती कुणी भरत नाही, फेकतात आणि नवी बसवतात. पण "भरत नाहीत" हा शब्द ऐकला की मिस्त्रीच्या अंगात यायचं. "मुंगीला मोटार असती तर तीही भरली असती मी," म्हणाला आणि भिंग लावून बसला. भरली. फिरली. टेपने तोंड उघडलं आणि दुकानात ती बाई गायला लागली.

परक्या मुलखातलं जुनं रॉक गाणं. शब्द कुणाला कळत नव्हते. आधी नुसती गिटार, एक एक तार छेडत जिना उतरावा तशी खाली येणारी. मग त्या बाईचा आवाज, पातळ, धारेचा, काचेवर हिरकणी ओढावी तसा. ढोल बराच उशिरा यायचा, पण यायचा तो दार तोडून. आणि मग गिटार अशी काही सुटायची की लहानगी पोरगी गोणपाटावर उभी राहून गोल गोल फिरायची. कॅसेटवर नाव नाही, चित्र नाही. घरात त्याला "त्या बाईचं गाणं" म्हणायचे. पोरीला जेवताना ते लागायचं, रुसताना लागायचं, अभ्यासाला तर लागायचंच.

पोरीला सगळे चिमटी म्हणत. केसासारखी तार ती चिमटीत अशी धरायची की बापाने बघत राहावं. तार गुंडाळायच्या यंत्राचा दांडा फिरवायचं काम तिचं. आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून बापलेकीची एक खूण ठरली होती. मिस्त्री बोट वर करून हवेत फिरवायचा. बोट भरभर फिरलं की दांडा भरभर, सावकाश फिरलं की सावकाश, मूठ मिटली की बंद. त्या खुणेवर दोघांनी अख्ख्या गावाचे पंप भरले.

मिस्त्रीने ठरवून टाकलं होतं की दुकान चिमटीचं. चिमटीने काही ठरवलं नव्हतं, पण संध्याकाळी ती एका बँडमध्ये गायला जायला लागली. एकदा एका कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांचा कार्यक्रम होता. मिस्त्री धुतलेला शर्ट घालून गेला, ओळखीच्या चौघांना घेऊन गेला. चिमटीने तेच गाणं काढलं. आणि काय सांगावं, ढोल आला आणि पोरगी ढोलाच्या पुढे पळायला लागली. तो तिला मागे ओढायचा, ही पुन्हा पुढे. बैल पुढे, गाडी मागे, मधलं जू मोडलेलं. वर आवाजही असा चढायचा की गिटारवाल्याचं तोंड आंबट. लोक हसले. चौघं ओळखीचेही हसले, आणि त्यातला एक तर मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारून हसला.

बाहेर पायरीवर, सगळ्यांदेखत, मिस्त्री पोरीवर बरसला. "माझ्या हाताखाली वाढलीस आणि चाल सांभाळता येत नाही? ज्याला चाल नाही त्याने तोंड उघडू नये. मिट ते."

चिमटी रडली नाही. "बरं," एवढंच म्हणाली. त्याच संध्याकाळी कपड्यांची पिशवी घेऊन मावशीकडे राहायला गेली. त्यानंतर बापलेकीत शब्द नाही. यंत्राचा दांडा मिस्त्री एका हाताने स्वतःच फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने तार धरायचा, आणि दोन्ही कामं वाकडी व्हायची.

गिटार दुकानात कुणाचीतरी पडून होती. गिटारीचा आवाज मोठा करणारा डबा दुरुस्तीला टाकला, सोबत गिटारही टाकली आणि माणूस गेला तो गेलाच. एका दुपारी मिस्त्रीने ती मांडीवर घेतली. बायकोला सांगितलं, हात रिकामा होता म्हणून. खरं म्हणजे त्याला बघायचं होतं की त्या गाण्याची चाल सांभाळणं एवढं काय अवघड आहे. पोरीला सांगता येईल, बघ, साठीकडे झुकलेला अडाणी माणूस करतो, तुला जमेना.

अवघड होतं. बोटांची कातडी तारांनी आधीच चामड्यासारखी झालेली, त्यामुळे दुखायचं नाही. पण करंगळीशेजारचं बोट म्हणजे जावई. कुठलंही काम सांगा, हलायचं नाही. उतरत्या जिन्याच्या चार पायऱ्या बसवायला मिस्त्रीचे कित्येक डबे गार झाले. टेप मागे घ्यायचा, चार सूर ऐकायचे, गिटारीवर शोधायचे, पुन्हा टेप मागे. पण एकदा बसलं की बसलं. मोटारीत जशी तार बसते तसं. ढोल येतो तिथपर्यंत तो पोचला, मग सुटलेल्या गिटारीच्या मागे लागला. बाईच्या टेपाच्या बरोबरीने, सुराला सूर आणि चालीला चाल लावून, तो ते सगळं गाणं ओढत न्यायला शिकला.

फक्त ती बारीक तार.

"तुम्ही काय कपडे वाळत घालता का तिच्यावर?" नवी तार देताना वाद्यांच्या दुकानातला म्हातारा वैतागला. "गिटार वरच्या सुरात पिळताय तुम्ही. एवढं तिला सोसत नाही."

"टेपशी जुळवतो."

"मग टेप बघा."

मिस्त्रीचं डोकं तडकलं. "टेप? तो टेप मी स्वतःच्या हाताने भरलाय!"

म्हातारा म्हणाला, "बरं बाबा," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्याच आठवड्यात बायको बेकरीतून आली ती गल्ला तसाच सोडून. मावशीकडून बातमी होती. हॉटेलवाल्याने बँडला ऐकायला बोलावलं होतं. आवडलं तर दर शनिवारी त्याच्या हॉलमध्ये गायचं, पक्कं. मालकाला नेमकं तेच जुनं गाणं हवं, त्याच्या तरुणपणातलं. आणि गिटारवाला बँड सोडून गेला होता. जाताना बोलून गेला की या पळणाऱ्या पोरीमागे धावून माझी बोटं झिजली.

"रविवारी दुपारी ऐकणार," बायको म्हणाली. "गिटारवाला नाही मिळाला तर हॉटेल गेलं. आणि हॉटेल गेलं तर ते खापर पोरीवर फुटणार. तो ढोल बडवणारा दुसरी गाणारी शोधतोच आहे म्हणे."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. "मी जातो."

"तुम्हाला बघून ती दार लावून घेईल."

"लावू दे. वाजवणारा तर आहे ना?"

मावशीमार्फत निरोप गेला. मावशीमार्फतच उत्तर आलं, "दुसरं आहे कोण?" हे हो की नाही, ते मिस्त्रीला कळलं नाही. त्याने शर्ट धुवायला टाकला.

शनिवारी तो गिटार घेऊन त्यांच्या सरावाला गेला. ढोलवाल्याला दणक्या म्हणत. दिवसा तो टेम्पो चालवायचा, आणि टेम्पो बाहेर काढला की त्याच गॅरेजमध्ये बँड बसायचा. जाड तारांची गिटार वाजवणारा दुसरा, त्याला मुका म्हणत. तो मुका नव्हता, बोलायचा कंटाळा होता. चिमटी भिंतीला टेकून उभी होती. वाळली होती थोडी.

"या," ती म्हणाली. नुसतं या. पुढे बाबा नाही.

मिस्त्री स्टुलावर बसला, घरून टेपशी जुळवून आणलेल्या तारा एकदा चाचपल्या आणि सुरू झाला. जिना उतरायला लागला. दणक्याच्या भुवया वर गेल्या. मुक्याने आपल्या गिटारीवर सूर शोधला, सापडेना, म्हणून गिटारीच्या मानेवर बोटं दोन घरं वर सरकवली.

आणि चिमटीने तोंड उघडलं.

ती कुठे पळाली नाही. कुठे अडखळली नाही. मिस्त्रीच्या बोटाखालून सूर निघायचा तोच तिच्या तोंडातून निघायचा, जसं काही दोघांना एकाच दांड्याने कुणी फिरवत होतं. मिस्त्रीने मान वर केली. तीही त्याच्याकडेच बघत होती, आणि घाबरलेली दिसत होती.

"थांबा, थांबा, थांबा!" दणक्याने काठ्या खाली फेकल्या. "कुठे आग लागलीय का मिस्त्री? आता कळलं ही कुणावर गेलीय. अहो, खानदानच पळतंय!"

"मी टेपवर शिकलोय," मिस्त्री तडकून म्हणाला. "टेप खोटं बोलतो का?"

"ऐका मग." दणक्याने आपला टेप लावला. त्याची कॅसेट चांगली, दुकानातून विकत आणलेली.

जिना तोच होता, पण उतरणारा माणूस म्हातारा झाल्यासारखा. सावकाश, आणि खालच्या सुरात. मग आवाज आला. मिस्त्री वाट बघत राहिला.

"हा कोण?"

"कोण म्हणजे? गाणारा."

"मग ती बाई कुठंय?"

दणक्या असा हसला की झांज स्टँडवरून खाली आली. मुकासुद्धा हसला. "बाई! अहो, त्या बाईला दाढी आहे मिस्त्री! हे बघा चित्र!"

चिमटी हसली नाही. "मीही विचारलं होतं," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "पहिल्या दिवशी. असेच हसले होते. मला पहिल्यापासून तसंच ऐकू येतं, उंच आणि भरभर. मी धरून ठेवते, पण ढोल आला की सुटतं. कानातच खोट आहे माझ्या. बरोबर बोलला होतात तुम्ही पायरीवर."

मिस्त्रीने मनातल्या मनात मोजायला घेतलं.

पुरुषाची बाई होते. गाणं भरभर सरतं. तार वरच्या सुरात पिळावी लागते आणि तुटते. हे तिन्ही वासरू उधळल्याचे गुण. शिकाऊ पोऱ्यानेही सांगितलं असतं की फेरे कमी आहेत. आणि हे टेपाचं वासरू कुणी भरलं होतं?

त्याला तिथेच बोलता आलं असतं. पण ज्या तोंडाने चारचौघांत पोरीला झोडपलं होतं ते तोंड आता उघडेना. तो नुसतं "हं" म्हणाला आणि गिटार पिशवीत भरायला लागला.

"उद्या आमच्या चालीने वाजवायचं, मिस्त्री. आमच्याच सुरात," दणक्या आता हसत नव्हता. "आणि चिमटे, तुला शेवटचं सांगतो. उद्या पळालीस तर परवापासून येऊ नकोस. दुसरी पोरगी मी बघून ठेवलीय."

मिस्त्री दुकानात आला तो टेपाचे स्क्रू काढतच. ती अंगठ्याएवढी मोटार त्याने भिंगाखाली धरली आणि तार उलगडायला लागला. फार उलगडावं लागलं नाही. पहिला वेढा सुटला आणि त्याच्या बोटांना कळलं. तार हवी त्यापेक्षा एक नंबराने जाड होती. आणि आठवलं सगळं. त्या दिवशी बारीक तारेचं रीळ संपलं होतं. पेठेत जायचा कंटाळा आला. होती ती जाड तार घेतली, जाड म्हणून तिचे फेरे कमी मावले. फिरवून बघितली, फिरली. आणि गोणपाटावरच्या पोरीकडे बघून तो म्हणाला होता, "चालतंय की."

"चालतंय की" म्हणणाऱ्या हाताखालच्या पोरांना त्याने थोबाडीत दिल्या होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो.

बायको आली तेव्हा तो तसाच बसला होता. "फेरे कमी आहेत," तो म्हणाला.

मोटारवाल्याची बायको ती. तिने मोटारीकडे बघितलं, उघड्या टेपाकडे बघितलं. "म्हणजे पोरगी पळत नव्हती."

"नाही."

"तिला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला काय सांगताय?" तिने रिकामा डबा उचलला आणि गेली.

संध्याकाळभर त्याने तारा उतरवून दणक्याच्या चालीने वाजवून बघितलं. उधळलेलं वासरू घाण्याला जुंपावं तशी गत. डोकं म्हणायचं सावकाश, बोटं म्हणायची आम्हाला असं शिकवलंय कुणी? दोन पायऱ्या नीट उतरायच्या, तिसरीवर घसरगुंडी.

हॉटेलच्या हॉलमध्ये रविवारी खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. मधली एक तेवढी सरळ, तिच्यावर मालक, तोंडात दात कोरायची काडी. दणक्याने नवा शर्ट घातला होता आणि तो काठ्या मांडीवर उगाच आपटत होता. चिमटी माइकसमोर उभी होती, मुठी आवळून. तिचे ओठ हलत होते. स्वतःला चाल मोजून देत होती ती. सावकाशची चाल. तोतऱ्या माणसाने बोलण्याआधी शब्द जुळवावा तसं चाललं होतं तिचं.

गाणं गिटारीने सुरू होतं. ढोल बऱ्याच उशिरा येतो. म्हणजे ज्या चालीने मिस्त्री निघेल त्या चालीने सगळ्यांना जावं लागणार. हे दणक्याला माहीत होतं. "मिस्त्री," तो दातांतून म्हणाला, "सावकाश. लक्षात ठेवा."

मिस्त्री उठला. गिटार स्टुलावर ठेवली, चिमटीसमोर गेला आणि खिशातून मोटार काढून तिच्या हातावर ठेवली. उलगडलेली तार लोंबत होती.

"आपल्या टेपातली," तो म्हणाला. आवाज त्याला ठेवायचा होता त्यापेक्षा मोठा आला, हॉलभर गेला. "तुझ्या कानात खोट नाही. ही मी चुकीची भरली. आपल्या घरात ते गाणं कधी खऱ्या चालीने वाजलंच नाही. तू ऐकलंस तेच गात होतीस. बरोबर गात होतीस. मी पायरीवर बोललो ते खोटं होतं."

"आता? हे आता?" दणक्या ओरडला.

"गाणार आहात का भांडणार आहात?" मालकाने काडी या गालातून त्या गालात नेली.

चिमटी कुणाचंच ऐकत नव्हती. तिने तार चिमटीत धरली, अंगठा आणि बोटामध्ये एकदाच फिरवली.

"जाड आहे."

"बारीक संपली होती."

"आणि तुम्ही चालतंय की म्हणालात."

"म्हणालो."

तिच्या कपाळावरची शीर उडत होती. मिस्त्रीला वाटलं, ही मोटार आता आपल्या टाळक्यात बसणार. बसली असती तर त्याने मान पुढे केली असती.

"माझ्याशी सहा महिने बोलला नाहीत," ती म्हणाली. "मी आरशासमोर उभी राहून स्वतःला चापट्या मारून चाल शिकत होते." मग एकदम, "चढवा तारा."

"काय?"

"आपल्या टेपाएवढ्या. चढवा."

"ए चिमटे!" दणक्या उठला. "आम्ही काय करायचं?"

"तू दार तोडून ये," ती मागे न बघता म्हणाली. "नेहमी येतोस तसा."

मुक्याने काही न बोलता बोटं दोन घरं वर सरकवली.

मिस्त्री स्टुलावर बसला आणि खुंट्या पिळायला लागला. जाड तारा चढल्या. मग ती बारीक. एक पीळ. अर्धा. तार करकरली. त्याच्याकडे दुसरी नव्हती, आणि वाद्यांचं दुकान रविवारी बंद. तुटली तर पुढची सगळी सुटलेली गिटार मेली, तिच्याबरोबर पोरगीही. त्याने श्वास धरला आणि राहिलेला पीळ दिला. तार राहिली.

त्याने वर बघितलं. तो चाल विचारत होता. चिमटीने उजवा हात वर केला, एक बोट उभं केलं आणि हवेत फिरवायला लागली. भरभर.

तो निघाला.

जिना उतरला. चिमटीचा आवाज आला, काचेवर हिरकणीसारखा, आणि मुठी उघडल्या होत्या तिच्या. मिस्त्रीचं अर्धं लक्ष त्या बारीक तारेवर. दर वेळी बोट तिच्यावर गेलं की त्याचा गाल आपोआप मागे सरायचा. दणक्या तोंडाने शिव्या पुटपुटत होता, पण पाय त्याचा कधीच आपटायला लागला होता, ढोलवाल्याचा पाय ढोलवाल्याचंही ऐकत नाही. वेळ आली आणि तो आला. दार तोडून आला. पुढे पळणारं कुणी नव्हतं आणि मागे ओढणारंही. मिस्त्री सुटला. जावई बोटसुद्धा कामाला लागलं. बारीक तार ओढली गेली, ताणली गेली, किंचाळली, राहिली. चिमटीने मूठ मिटली. सगळे एकदम थांबले.

उलट्या खुर्च्यांचे पाय तेवढे थरथरत राहिले.

मालकाने काडी काढून बघितली. "माझ्या आठवणीत हे गाणं लांब होतं."

दणक्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"आणि कंटाळवाणंही होतं थोडं," मालक उठत म्हणाला. "शनिवारी या. लवकर आटपतंय, म्हणजे वर अजून एक गाणं बसेल."

तो गेल्यावर दणक्या मिस्त्रीकडे वळला. काहीतरी जबरदस्त बोलायचं होतं त्याला, पण मिस्त्री तेवढ्यात तारा उतरवायला लागला होता, आणि बारीक तार पहिल्याच पिळाला तटकन गेली. दणक्या एवढा दचकला की बोलायचं विसरला.

"नवा गिटारवाला शोधा," मिस्त्री म्हणाला. "मला हे एकच येतं."

चिमटी माइकची वायर गुंडाळत होती, कोपरावरून, नीट, फेऱ्याला फेरा लावून. मिस्त्री तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. घरी चल, असं म्हणायचं होतं. तेही जिभेवर येईना.

"मावशीकडेच राहणार मी," ती म्हणाली.

"राहा."

"ती मोटार?"

"नीट भरतो आज. बारीक तार आणून."

"हात लावू नका तिला." तिने मोटार आपल्या खिशात टाकली. "उद्या दुपारी येते मी दुकानात. दांडा तुम्ही फिरवा. फेरे मी मोजते."